४० टीबी स्कॅन आणि ध्वनिमुद्रणं पुढच्या पिढ्यांसाठी ठेवायची आहेत, साठवण कशी लावावी?

दप्तर_नोंद :

नमस्कार मंडळी. एका संशोधन संस्थेच्या अभिलेखागारात मी काम करते. गेल्या काही वर्षांत आमच्याकडे हस्तलिखित नोंदवह्यांचं स्कॅनिंग झालं आणि जुन्या कॅसेटवरच्या मुलाखती डिजिटल झाल्या. सगळं मिळून ४० टीबी (टेराबाइट, म्हणजे ४० हजार जीबी) आहे, बहुतेक टिफ मास्टर (स्कॅनच्या मूळ चित्रफायली) आणि वेव्ह (ध्वनीच्या) फायली. दरवर्षी साधारण ६ टीबीची भर पडते. नोंदवह्यांची पानं आता हात लावला तरी तुटतात आणि बऱ्याच कॅसेट वाजतच नाहीत. त्यामुळे गेलं तर पुन्हा करू, असं म्हणायची सोय उरलेली नाही.

सध्याची मांडणी अशी आहे. मुख्य एनएएसवर (नेटवर्कला जोडलेल्या डिस्कच्या पेटीवर) सगळा संग्रह, रेड ६ (काही डिस्क बिघडल्या तरी माहिती राहील अशी डिस्कची मांडणी) लावलेलं. वरच्या मजल्यावर त्याच कंपनीचा दुसरा एनएएस, त्यावर रोज रात्री सिंक होतं. शिवाय कपाटात एक्स्टर्नल हार्डडिस्कचा ढीग आहे. स्कॅनिंग करणाऱ्यांनी मूळ फायली त्यावरून दिल्या होत्या. नंतर त्या कोणी लावून पाहिलेल्या नाहीत.

व्यवस्थापन म्हणतं, "दोन प्रती आहेत, रेड आहे, आणखी काय हवं? फार तर क्लाउडवर टाका आणि मोकळे व्हा." मला हे पटत नाही, पण नेमकं काय मांडावं ते सुचत नाहीये. मोठी ग्रंथालयं, अभिलेखागारं हे कसं करतात? माहिती साठवायची चुंबकीय टेप अजून खरंच वापरतात का? चेकसम (फाइल बदलली का ते ओळखायला तिच्यावरून काढलेला आकडा) किती दिवसांनी तपासायचे? किती प्रती पुरेशा?

---

फीतघर :

ताई, मी एका अभिलेखागाराची साठवण बरीच वर्षं सांभाळतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

व्यवस्थापनापुढे प्रतींचा आकडा घेऊन जाऊ नका. "दोन आहेत" याला "तीन हव्यात" असं उत्तर दिलं की चर्चा लगेच खर्चाच्या घासाघिशीवर येते. त्यापेक्षा एक कागद घ्या. डावीकडे एकाखाली एक तुमच्या प्रती लिहा आणि वर आडवी संकटं लिहा : आग, पाणी, चोरी, रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा हल्ला), चुकून झालेलं डिलीट, फर्मवेअरमधला (यंत्रातच बसवलेल्या सॉफ्टवेअरमधला) दोष, ॲडमिननं नोकरी सोडणं, पुरवठादार बंद पडणं. ज्या संकटात जी प्रत जाईल तिथे फुली मारा. तुमच्या दोन्ही एनएएसच्या ओळी जवळजवळ सारख्याच भरतील. एकच इमारत, एकच कंपनी, बहुधा एकच ॲडमिन पासवर्ड. मी अशा दोन ओळींना एकच प्रत धरतो. हा तक्ता समोर ठेवला की बोलणं आपोआप मुद्द्यावर येतं.

रात्रीच्या सिंकबद्दल तर स्पष्टच बोललं पाहिजे. दुपारी कोणी चुकून एक फोल्डर उडवला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोन्हीकडे नसतो. फाइल बिघडली तर बिघडलेली फाइल इमानेइतबारे वर पोचते. सिंकचं काम दोन्ही जागा सारख्या ठेवण्याचं, आणि ते काम ते चोख करतं. निदान स्नॅपशॉट (ठरावीक वेळी जपून ठेवलेली फायलींची तेव्हाची स्थिती) चालू करा आणि दुसऱ्या एनएएसवर डिलीट पोचणार नाही असं आजच लावून घ्या, त्याला पैसे लागत नाहीत. रेड ६ मुळे दोन डिस्क एकदम गेल्या तरी सेवा चालू राहते. बाकीच्या संकटांशी त्याचा काही संबंध नाही.

ही भीती कोणाला काल्पनिक वाटत असेल तर घडलेल्या गोष्टी सांगा. सप्टेंबर २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या देजॉन इथल्या सरकारी डेटा सेंटरला बॅटऱ्यांमुळे आग लागली. सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायली ठेवणारी जी-ड्राइव्ह नावाची व्यवस्था त्यात गेली, ८५८ टीबी. तिची बाहेर कुठेही प्रत नव्हती. मार्च २०२१ मध्ये स्ट्रासबर्गच्या एका डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा काही ग्राहकांना कळलं की आपला बॅकअपही त्याच आवारात होता. आगीशिवायही जातं : डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर खुद्द बॅकअपच्याच स्क्रिप्टनं ७७ टीबी, म्हणजे सुमारे ३ कोटी ४० लाख फायली पुसल्या. स्क्रिप्ट चालू असतानाच तिची नवी आवृत्ती वर लिहिली गेली होती.

आणि टेप कशाला, याचं माझं नेहमीचं उत्तर फेब्रुवारी २०११ चं आहे. साठवणीच्या सॉफ्टवेअरमधल्या दोषानं काही जीमेल खात्यांमधली पत्रं गायब झाली. प्रती अनेक डेटा सेंटरांत होत्या, पण दोष त्या सगळ्यांना लागला. पत्रं परत आली ती टेपवरून, कारण टेप कशालाच जोडलेली नव्हती. तुमच्या तक्त्यात "चुकून डिलीट" आणि "रॅन्समवेअर" या रकान्यांत फुली नसलेली एक तरी ओळ हवी असेल, तर ती अशी न जोडलेलीच प्रत असते.

मोठ्या संस्था काय करतात, तर साधारण असं. एक प्रत डिस्कवर, रोजच्या वापराला. दुसरी टेपवर, दुसऱ्या गावी. तिसरी वेगळ्या तंत्रावर आणि वेगळ्या माणसांच्या हाती, मग ती क्लाउडवर असेल किंवा दुसऱ्या संस्थेकडे. अमेरिकेतल्या एनडीएसए या डिजिटल जतन करणाऱ्या संस्थांच्या संघटनेची २०१३ ची आणि २०१९ मध्ये सुधारलेली पातळ्यांची यादी आहे, ती व्यवस्थापनाला दाखवायला उत्तम. पहिल्या पातळीवर दोन पूर्ण प्रती वेगळ्या जागी. दुसरीवर तीन, त्यातली एक भौगोलिकदृष्ट्या दूर. तिसरीवर एक प्रत अशा ठिकाणी जिथलं संकटच वेगळं आहे. चौथीवर तिन्ही प्रतींची संकटं वेगवेगळी. एक मजला वरखाली असणं म्हणजे वेगळी जागा नव्हे, त्यामुळे तुम्ही आज पहिल्या पातळीवरही नाही. हे वाक्य कडू आहे, पण टिपणात घाला.

आता टेपचं व्यावहारिक. होय, वापरतात, आणि तुमच्या आकाराला ती सोयीची आहे. एलटीओ या टेपच्या प्रकाराची नववी पिढी, एलटीओ-९, हिच्या एका काडतुसात (टेपच्या बंद डबीत) कॉम्प्रेशन न धरता १८ टीबी बसतं. म्हणजे ४० टीबीला तीन काडतुसं, दोन संच केले तर सहा. टेपवर छापलेली कॉम्प्रेशनची मोठी क्षमता हिशेबात धरू नका. स्कॅन आणि ध्वनी एवढे दाबले जात नाहीत.

कंपन्या टेपचं आयुष्य ३० वर्षं सांगतात. थंड, कोरड्या, स्थिर हवेत ते धरायला हरकत नाही. पण अडचण टेपची नसते, ड्राइव्हची असते. एलटीओ-७ पर्यंतचे ड्राइव्ह मागच्या दोन पिढ्यांची टेप वाचायचे. २०१७ मध्ये आलेला एलटीओ-८ फक्त सातव्या पिढीपर्यंत मागे जातो, सहावी वाचत नाही. एलटीओ-९ आठवी वाचतो. एलटीओ-१० तर नववीसुद्धा वाचत नाही. तेव्हा टेप ३० वर्षं टिकली तरी ती वाचणारं यंत्र आणि त्या यंत्राला ओळखणारा संगणक तितका टिकत नाही. म्हणून दर सात-आठ वर्षांनी सगळं नव्या पिढीवर उतरवायचं हे आजच अंदाजपत्रकात लिहून ठेवा, आणि दोन ड्राइव्ह घ्या. एकच ड्राइव्ह असेल आणि त्याचं हेड सरकलेलं असेल, तर तो स्वतः लिहिलेलं स्वतः बिनतक्रार वाचतो. दुसरा ड्राइव्ह नाही म्हणाल्यावरच ते कळतं.

टेपवर लिहिताना एलटीएफएस किंवा साधा टार वापरा, ही दोन्ही खुली स्वरूपं आहेत. बॅकअप सॉफ्टवेअरच्या खासगी स्वरूपात लिहिलंत तर पंधरा वर्षांनी त्या सॉफ्टवेअरचं लायसन्स शोधत फिरावं लागेल. एन्क्रिप्शन (किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं सांकेतिक लेखन) शक्यतो नको. गोपनीय मुलाखती असतील आणि करावंच लागलं, तर किल्ली कुठे आहे हे किमान तीन पदांना माहीत हवं. माणसांना नाही म्हणत, पदांना म्हणतोय, कारण माणसं बदलतात. लिहून झाल्यावर काडतुसावरची लेखनबंदीची खिट्टी सरकवायची. बारकोड लेबल त्यासाठी असलेल्या खाचेतच लावायचं. इतर कुठे चिकटवलेला कागद ड्राइव्हच्या आत सुटतो.

चेकसमचं वेळापत्रक माध्यमावर ठरतं. डिस्कवर तीन महिन्यांतून एकदा पूर्ण फेरी मला रास्त वाटते. एनएएस सेकंदाला २०० एमबी देत असेल तर ४० टीबी वाचायला अडीच दिवसही लागत नाहीत. टेप मात्र उगाच फिरवायची नाही. एलटीओ-९ ची पूर्ण टेप ४०० एमबीच्या वेगानं वाचायला साडेबारा तास लागतात, आणि प्रत्येक फेरीत टेप आणि हेड दोन्ही झिजतात. लिहिल्यावर लगेच एकदा दुसऱ्या ड्राइव्हवर पूर्ण, आणि मग वर्षातून काही निवडक काडतुसं.

---

सर्व्हररूम :

फीतघर यांचं बहुतेक पटलं, पण टेपबाबत थोडं वेगळं मत आहे. टेपला माणूस लागतो. लहान संस्थेत तो माणूस गेला की ड्राइव्हवर धूळ बसते. त्यापेक्षा क्लाउडच्या कोल्ड स्टोरेजमध्ये, म्हणजे क्वचित लागणाऱ्या फायलींच्या थंड थरात, ठेवावं. मोठे पुरवठादार ९९.९९९९९९९९९ टक्के टिकाऊपणा सांगतात. एवढं आपल्याला कुठल्याही कपाटात जमणार नाही. चेकसम तेच तपासतात, डिस्क तेच बदलतात. मी स्वतः दोन संस्थांचा माल तसा ठेवलाय आणि चांगला चाललाय.

---

फीतघर :

माणसाबद्दलचा मुद्दा शंभर टक्के मान्य. क्लाउडला माझा विरोध नाही, तिसरी प्रत म्हणून मी ताईंना तेच सुचवीन. पण तो आकडा नेमका कशाचा आहे ते बघावं. त्यांच्या डिस्क बिघडून तुमची फाइल जाण्याची शक्यता तो सांगतो. बिल थकल्यामुळे खातं बंद होणं, कोणी ॲडमिनच्या नावानं आत शिरून पुसणं, तुमच्याच स्क्रिप्टनं बिघडलेली फाइल वर चढवणं, यातलं काही त्यात धरलेलं नसतं. दीर्घ जतनात माल जातो तो बहुतेक याच वाटांनी.

दुसरं म्हणजे परत आणण्याचा हिशेब. सेकंदाला १ गिगाबिटची लाइन पूर्ण वेगानं मिळाली तरी ४० टीबी उतरवायला पावणेचार दिवस लागतात. १०० मेगाबिटची असेल तर सदतीस दिवस. काही पुरवठादारांच्या सर्वात थंड थरातून फायली वाचनयोग्य व्हायलाच १२ ते ४८ तास जाऊ शकतात, आणि बाहेर नेण्याचं शुल्क वेगळं. करारात तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : पूर्ण माल बाहेर न्यायला किती वेळ आणि किती खर्च, पैसे थकले तर पुसण्याआधी किती मुदत, आणि ठरावीक काळ कोणालाच पुसता येणार नाही असं कुलूप लावता येतं का. शेवटचं बहुतेकांकडे मिळतं, पण आपण होऊन लावून घ्यावं लागतं.

आणखी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. ऑक्टोबर २०२३ मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. त्यांनी मार्च २०२४ मध्ये त्यावर सविस्तर अहवाल प्रसिद्ध केला, जतनाचं काम करणाऱ्या प्रत्येकानं तो वाचावा असं मला मनापासून वाटतं. डिजिटल संग्रहाच्या सुरक्षित प्रती त्यांच्याकडे होत्या. पण त्या उतरवायला सुस्थितीतले सर्व्हरच उरले नव्हते. जुन्या प्रणाली तर पुन्हा उभ्याच करता येण्यासारख्या नव्हत्या. म्हणून "प्रत आहे का" याच्या पुढचा प्रश्न "ती कशावर उतरवणार" हा. मी दरवर्षी एक संग्रह निवडतो, रिकामी मशीन घेतो आणि मूळ एनएएस बंद आहे असं समजून तो टेपवरून पूर्ण उभा करतो. सूची उघडते का, स्कॅन दिसतात का, मुलाखत ऐकू येते का, इथपर्यंत. आणि हे काम मी स्वतः करत नाही. लिहून ठेवलेल्या सूचना वाचून दुसरा कोणीतरी करतो. तो जिथे अडतो तिथे सूचना दुरुस्त होतात.

---

वाचनकक्ष :

छोटी भर. जवळच्या नव्हे, दूरच्या दोन संस्थांनी एकमेकांचा माल ठेवायचा, ही पद्धतही चांगली चालते. स्टॅनफर्डमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेलं लॉक्स याच विचाराचं. अनेक ग्रंथालयं प्रत्येकी आपली प्रत ठेवतात, त्या प्रती अधूनमधून एकमेकींशी ताडून पाहिल्या जातात आणि बिघडलेली प्रत बाकीच्यांवरून दुरुस्त होते. दोन संस्थांमध्ये एवढी यंत्रणा नको, साधा लेखी करार आणि टेपचा एक संच पुरतो.

बाकी एक शंका. आमच्या चेकसमच्या जुन्या याद्या एमडी५ या पद्धतीच्या आहेत. तो आता फुटलाय म्हणतात. सगळं पुन्हा करायचं का?

---

फीतघर :

संच अदलाबदलीची सूचना फार चांगली.

एमडी५ : मुद्दाम कोणी एकच चेकसम येणाऱ्या दोन वेगळ्या फायली घडवू शकतो, या अर्थानं तो फुटला, आणि तेही २००४ पासून ठाऊक आहे. डिस्कच्या चुकीनं बदललेली फाइल तो आजही पकडतो. जुन्या याद्या अजिबात टाकू नका, त्या फाइल जन्मली तेव्हाची साक्ष आहेत. आधी एमडी५ ताडून बघा. जुळला तर त्याच वाचनात एसएचए-२५६ हा नवा, जास्त भक्कम चेकसम काढा आणि दोन्ही ठेवा.

---

दप्तर_नोंद :

सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता करून नेला. पहिल्यांदाच बैठकीत खर्चाऐवजी "मग पुराच्या रकान्याचं काय करायचं" असं कोणीतरी विचारलं.

दरम्यान कपाटातल्या डिस्क लावायला सुरुवात केली. एक उघडलीच नाही. बाकीच्यांवर स्कॅनिंगवाल्यांची एमडी५ यादी सापडली, ती एनएएसशी ताडली. बहुतेक जुळतंय, पण काही टिफ आणि काही वेव्ह जुळत नाहीत. टिफचा आकार तोच, तारीखही तीच, चेकसम वेगळा. वेव्हचा आकारच थोडा जास्त आहे. आता बरोबर कोणती धरायची? डिस्कवरची प्रत एनएएसवर टाकून देऊ का?

---

फीतघर :

नको, आत्ता काहीही कशावरही टाकू नका. आधी डिस्क फक्त वाचता येतील अशा लावा. राइट-ब्लॉकर (डिस्कवर लिहिणं अडवणारं उपकरण) मिळाला तर उत्तम, नाहीतर संगणकाला फक्त वाचायला सांगून जोडा, म्हणजे रीड-ओन्ली माउंट. जी उघडली नाही ती पुन्हापुन्हा लावून बघू नका, बाजूला ठेवा. तिच्यावरचं सगळं एनएएसवर जुळत्या चेकसमसह असेल तर तिची चिंता नाही. तिची यादी दुसरीकडे कुठे आहे का ते शोधा.

सर्वात आधी डिस्कवरची प्रत तिच्या स्वतःच्या यादीशी जुळते का ते बघा. जुळत असेल तर ती फाइल आली तशीच आहे आणि बदल एनएएसवर झालाय. मग दोन टिफ बाइट-बाइट ताडा, सीएमपी नावाची साधी आज्ञा पुरते. फरक किती आणि कुठे आहे ते बघायचं. दोन प्रकार हमखास दिसतात.

एक : फरक फक्त एक-दोन बाइटचा आणि तो टॅगच्या (फाइलमधल्या चित्राबद्दलच्या माहितीच्या) भागात. टिफमध्ये २७४ क्रमांकाचा टॅग चित्राची दिशा सांगतो. कोणीतरी पान आडवं दिसलं म्हणून व्ह्यूअरमध्ये फिरवलं की काही सॉफ्टवेअर तो आकडा गुपचूप बदलतात. १ चा ६ होतो, आकार तोच राहतो, आणि काही सॉफ्टवेअर तारीखही जुनीच ठेवतात. यात चित्राला धक्का लागलेला नाही, पण मास्टर फोल्डरवर वाचकांना लिहिण्याची परवानगी आहे हे त्यातून कळतं. ती आधी काढा.

दोन : फरक ४०९६ बाइटच्या (डिस्कवर साधारण एवढ्या ठोकळ्यांत लिहिलं जातं) पटीतल्या जागी सुरू होतो आणि पुढचा सलग तुकडा नुसत्या शून्यांचा असतो. ही नक्कल करताना किंवा डिस्कवर झालेली इजा. फाइल उघडेलही, पण पानावर मध्येच एक काळा पट्टा किंवा कचरा दिसेल. अशा फायलींच्या आसपासच्या, त्याच दिवशी चढवलेल्या सगळ्या फायली आधी तपासा. इजा एकट्या फाइलला क्वचितच होते.

वेव्हचा आकार वाढलाय म्हणजे बहुधा एखाद्या संपादकानं शेवटी माहितीचा तुकडा जोडलाय, नाव, तारीख वगैरे. फक्त ध्वनीच्या भागाचा चेकसम काढून ताडा, एफएफएमपेग या मोफत सॉफ्टवेअरनं निघतो. तो जुळला तर मुलाखत शाबूत आहे. जोडलेली माहिती कामाची असेल तर ती सूचीत उतरवून घ्या, मास्टरमध्ये नको.

मग जी मूळ ठरेल ती मास्टर म्हणून ठेवायची, पण दुसरी पुसायची नाही. ती "आवृत्ती" म्हणून शेजारी राहू द्या, आणि काय फरक सापडला, कोणी ठरवलं, कधी, हे त्याच पुडक्यात (फायली आणि त्यांची यादी एकत्र ठेवलेल्या फोल्डरात) साध्या मजकुरात लिहा. पुडक्यासाठी बॅगइट ही ठरलेली मांडणी वापरा, तिचा प्रमाण दस्तऐवज आरएफसी ८४९३. डेटा नावाचा फोल्डर, शेजारी bagit.txt ही छोटी फाइल आणि मॅनिफेस्टची, म्हणजे फायलींच्या चेकसमची, यादी, बस. यादी कुठल्याही संगणकावर नोटपॅडमध्ये उघडेल. पुढे आवृत्त्या वाढल्या तर ओसीएफएल ही मांडणी बघा, त्यात जुनी फाइल कधीच वरून लिहिली जात नाही.

यादीची एक प्रत साठवणीच्या बाहेर ठेवा. यादी आणि फायली एकाच एनएएसवर असल्या तर एकच हात दोन्ही बदलू शकतो.

हे सगळं झाल्यावरच टेप लिहायला घ्या, नाहीतर काळे पट्टे पुढच्या पिढीकडे अधिकृतपणे जातील. आणि टेपचे दोन्ही संच लिहून, दुसऱ्या ड्राइव्हवर वाचून, पूर्ण जुळेपर्यंत कपाटातल्या त्या डिस्क कोणालाही देऊ नका, फॉरमॅट करू देऊ नका. वापरात नसलेल्या डिस्क परत मागायला कोणीतरी येईलच, तेव्हा हा धागा दाखवा.

न जुळलेल्या एखाद्या टिफचा सीएमपीचा निकाल, पहिल्या वीसेक ओळी, इथे टाकलात तर मी बघून सांगतो.